सेतूच्या पानावरची केळुत्ती

गंगाबाईने मीठ सोडलं त्याला येत्या चैत्र वद्य पंचमीला वर्ष भरणार होतं. वर्षभर बाईने आळणी पेज, आळणी भात आणि नुसत्या पाण्यात उकडलेला दुधी यांवर दिवस काढले. आता चालताना तिचा झोक जायचा, बोलताना शब्द सापडायचा नाही, आणि भर दुपारी तिला पानमळ्यात आपला थोरला मुलगा उभा दिसायचा. हा थोरला, सेतू, गेल्या चैत्रात समुद्रात उतरला तो वर आला नव्हता.

त्यांचं घर कुंभकोणमजवळ, सुंदरपेरुमाळ कोयिलच्या रेल्वे फाटकापलीकडे, पानमळ्याला लागूनच. घरात माणसं तीन. गंगाबाई, सेतूची बायको नागलक्ष्मी आणि धाकटा मुरली. यांचा कोणी पूर्वज तंजावरच्या दरबारात मुदपाकखान्यावर होता असं घरात सांगतात. आमच्या तंजावरी मराठी लोकांत ज्याचा पूर्वज दरबारात कोणीतरी नव्हता असा माणूस मला अजून भेटायचा आहे, तेव्हा ते सोडून देऊ. आता ही माणसं दुसऱ्याच्या मळ्यात पानं खुडतात. उजाडायच्या आत हादग्याच्या झाडांना शिडी लावायची, अंगठ्यात पत्र्याची नखी घालायची आणि ऊन चढेपर्यंत वेलीवरची पानं उतरवायची. मग पडवीत बसून शंभर-शंभराच्या चळती बांधायच्या, वर ओलं फडकं टाकायचं आणि कुंभकोणमच्या टेम्पोची वाट बघायची. नागलक्ष्मीच्या अंगठ्याला त्या नखीने कायमचा घट्टा पडला होता.

सेतूला पानमळा कधी आवडला नाही. त्याला इंजिनं आवडायची. कोळ्ळिडम् नदी जिथे समुद्राला मिळते त्या पळैयारच्या बंदरात तो ट्रॉलरांची इंजिनं दुरुस्त करायचा, कधी बोटीबरोबर आतही जायचा, आणि पंधरा दिवसांनी डिझेलचा वास घेऊन घरी यायचा. गेल्या वर्षी मासेमारी बंदीला चार दिवस उरले असताना बोटीच्या पंख्यात दोर गुरफटला. सेतू कमरेला सुरी बांधून खाली उतरला. दोर सुटला, पंखा मोकळा झाला, सेतू मात्र आला नाही. बाकीच्या बोटींनी तीन दिवस शोधलं. मग बंदी लागली आणि सगळ्या बोटी बांधून ठेवल्या.

मढं नाही, तेव्हा अग्नी नाही, राख नाही. नागलक्ष्मीला पहिल्या दिवसापासून कळलं होतं की तो गेला. ती रडली, आठ दिवसांनी उठली आणि शिडी खांद्यावर घेऊन मळ्यात गेली. गंगाबाई मात्र रडलीच नाही. तिने जेवणाच्या ताटातलं मीठ बाजूला सारलं आणि म्हणाली, "लेकरूं खाऱ्या पाण्यांत आहे. म्या मीठ कसें खावें?"

त्या दिवसापासून ती जी हटून बसली ती बसलीच. माघात ती विहिरीपाशी पडली तेव्हा मुरलीने तिला रिक्षात घालून कुंभकोणमच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की यांच्या अंगात मीठच उरलेलं नाही, त्यामुळेच चक्कर येते, भास होतात, आणि असंच चाललं तर यांना आडी महिना, म्हणजे आपला आषाढ, दिसायचा नाही. त्यांनी हाताला बाटली लावली. बाटलीत मिठाचं पाणी असतं हे शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून कळताच गंगाबाईने सुई उपसून फेकली. मुरली बाहेर बाकावर बसून पोरासारखा रडला. नागलक्ष्मीला रडू आलं नाही, तिला राग आला. नवरा समुद्राने नेला आणि आता सासू हट्टाने चालली, आणि या दोघांच्या मधे आपण चळती बांधत बसायचं, असं तिला वाटलं.

शेवटी चुलतसासरे विजयराघव साक्कोट्टैहून आले आणि त्यांनी निकाल दिला. वर्षाच्या तिथीला नदीवर दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा आणि दुपारी घरात सेतूचं पान मांडायचं. पान उचललं की नागलक्ष्मीने गळ्यातलं उतरवायचं. गंगाबाई तीन दिवस मळ्याकडे बघत बसली. चौथ्या दिवशी म्हणाली, "मांडा. त्यास आवडे तेंच वाढा. मग त्याच्या पानांतलें मीही जेवीन, मिठासकट."

पान मांडणं हा प्रकार आमच्याकडे तमिळ शेजाऱ्यांकडून आला की आम्ही तो घेऊनच आलो हे कोणाला ठाऊक नाही. गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं केळीच्या पानावर वाढायचं, दार ओढून घ्यायचं आणि घटकाभर बाहेर बसायचं. या घराण्यात त्याचे दोन जास्तीचे नियम आहेत. पानावरचा मुख्य पदार्थ विकत आणायचा नाही, घरच्या माणसाने आपल्या हाताने मिळवायचा. आणि नंतर घरातल्या प्रत्येकाने त्या पानातला एक घास गिळायचा. सगळ्यांनी गिळला की गेलेला माणूस घर सोडतो. एकाने जरी गिळला नाही तरी तो जात नाही, त्या एकापाशी राहतो.

सेतूचे आजोबा गेले तेव्हा त्यांच्यासाठी कवडे मारून आणले होते. ते सोपं होतं. सेतूला आवडायची केळुत्ती.

केळुत्ती म्हणजे समुद्रातला मिशाळ मासा, कोकणात याला शिंगाळा म्हणतात असं ऐकतो. अंगाला खवले नाहीत, नुसती बुळबुळ. पाठीवर आणि दोन्ही कुशींना विषारी काटा. कुंभकोणमच्या मासळी बाजारात हा मासा मागितला तर कोळीण तुमच्याकडे नीट बघून घेते. तो तळाशी राहतो आणि तळाशी पडलेलं सगळं खातो. सुनामीनंतर किनाऱ्यावरच्या लोकांनीसुद्धा वर्षभर केळुत्ती तोंडात घातली नव्हती, कारण तळाशी काय पडलं आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. सेतूला तिची चटक लागली ती बंदरावर. विकला न जाणारा मासा खलाशांच्या वाट्याला येतो. तो ती घरी घेऊन यायचा, नागलक्ष्मी नाक मुरडत रांधायची आणि तो एकटा मडकं पुसून खायचा.

आता तीच केळुत्ती पळैयारच्या पाण्यातून काढून आणायची, आणि घरातल्या प्रत्येकाने गिळायची. तिने वर्षभर त्या तळाशी काय खाल्लं असेल हे तिघांच्याही मनात आलं. कोणी बोललं नाही. विजयराघवकाकाही नाहीत, आणि ते तर न बोलण्यातले नव्हेत.

त्यात वर्ष अधिकमासाचं निघालं. तिथी पुढे सरकून थेट बंदीच्या दिवसांत आली, सगळे ट्रॉलर बांधलेले. तेव्हा आदल्या दिवशी सकाळी मुरली आणि नागलक्ष्मी रंगाच्या डब्याची झाकणवाली बादली आणि एक पोतं घेऊन मायिलाडुतुरै, सीर्काळी करत पळैयारला निघाले. मुरलीने जन्मात खेकडासुद्धा धरला नव्हता. बसमध्ये तो दोनदा म्हणाला की वैनी, तुम्ही नुसत्या बसा, मी धरतो. ती हो म्हणाली.

सेतू ज्याच्या पडवीत भाड्याने राहायचा तो पाक्किरिसामी नावाचा म्हातारा कोळी झाडाखाली जाळं शिवत होता. एका डोळ्यात फूल पडलेलं. त्याने दोघांना पाणी दिलं आणि कशाला आलात ते ऐकून घेतलं. मग बराच वेळ तो सुई चालवत राहिला.

"या वस्तीत वर्षभर कोणी केळुत्ती मारलेली नाही," तो तमिळमध्ये म्हणाला. "तुमच्या माणसासाठी."

म्हणजे खाडीत त्या माजल्या असणार. त्याने छपरातून गळाच्या दोऱ्या काढल्या, शिशाची वजनं बांधून दिली, कोळंबी लावायला शिकवलं आणि दोघांना खाडीच्या काठी चिखलात नेऊन बसवलं. भरती चढत होती. पाणी चहासारखं गढूळ होतं आणि त्यावर ऊन असं पडलं होतं की बघवत नव्हतं. पलीकडे बांधलेले ट्रॉलर एकमेकांना घासून कुरकुरत होते. त्यांतल्या कुठल्या बोटीवरून सेतू उतरला होता ते नागलक्ष्मीने विचारलं नाही.

अर्ध्या तासात मुरलीच्या दोरीला हिसका बसला. त्याने घाईघाईने दोरी ओढली आणि हातभर लांबीची करडी केळुत्ती चिखलात येऊन पडली. मिशा हलवत ती ओरडली. मासा ओरडतो हे मुरलीला ठाऊक नव्हतं. दचकून त्याने ती उजव्या हाताने दाबून धरली आणि पाठीवरचा काटा त्याच्या तळव्यात खोल गेला. मासा सुटून पाण्यात गेला. मुरली हात धरून खाली बसला, त्याचे ओठ पांढरे पडले आणि बघता बघता तळहात फुगला. पाक्किरिसामीने त्याला बगलेत धरून झोपडीकडे चालवलं. कढत पाण्यात हात धरला की विष उतरतं, पण घटकाभर धरावा लागतो, असं तो जाता जाता सांगत होता. नागलक्ष्मी उठली तर त्याने तिला हाताने खाली बसवलं. भरती थांबणार नाही, दोरी सोडू नकोस, म्हणाला.

मग ती एकटी राहिली. ऊन डोक्यावर आलं. ट्रॉलरांची कुरकुर थांबली, कारण पाणी भरून स्थिर झालं होतं. तिच्या बोटावरची दोरी हलली. हिसका नव्हे, कोणी हलकेच ओढून बघावं तसं. थांबली, पुन्हा हलली. सेतू मागून येऊन तिचा पदर असाच दोनदा ओढायचा आणि ती वळली की दुसरीकडे बघायचा. ती वळली नाही. वळून बघायला मागे कोण असणार होतं?

तिने दोरी ओढायला घेतली. जड होती, पण पलीकडून धडपड नव्हती. मासा नुसता येत होता, बोलावल्यावर कोणी येतं तसा. काठाला आला तेव्हा तिला दिसलं की गळ त्याच्या तोंडात नव्हताच. तो कल्ल्याच्या मागे कातडीत अडकला होता. कोळंबी तशीच होती. माशाचं तोंड घट्ट मिटलेलं, गळा फुगलेला. तिने त्याच्यावर पोतं टाकून त्याला उचललं तेव्हा तो कण्हला. झोपेत माणूस कण्हतो तसं, बंद तोंडाने. बादलीत खाडीचं पाणी घेऊन तिने त्याला आत सोडलं, झाकण लावलं आणि कितीतरी वेळ त्यावर हात ठेवून बसली.

परत येताना मुरलीचा हात फडक्यात गुंडाळून गळ्यात अडकवलेला होता. बादली नागलक्ष्मीच्या पायांशी. सीर्काळीच्या पुढे बस थांबली की आतलं कण्हणं ऐकू यायचं. समोरच्या बाईने एकदा बादलीकडे, एकदा हिच्या गळ्याकडे बघितलं, आणि उठून दुसऱ्या जागी जाऊन बसली.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. गंगाबाई फाटकाला धरून उभी होती. मुलाच्या हाताकडे तिने बघितलं नाही, सुनेकडे बघितलं नाही. तिची नजर बादलीवर होती.

"आलास?" ती म्हणाली.

नागलक्ष्मी तिला वळसा घालून आत गेली. तिने बादली मागच्या पडवीत नेऊन ठेवली. रात्रभर मासा मधून मधून कण्हत होता आणि गंगाबाई आपल्या खाटेवरून त्याला हुंकार देत होती.

सकाळी मुरली आणि विजयराघवकाका भटजींबरोबर नदीवर गेले. नदी कोरडी होती, वाळूत खड्डा खणून झिरपलेल्या पाण्यावर काम भागवायचं होतं. दोघी सासवा-सुना घरी राहिल्या. नागलक्ष्मीने न्हाऊन चूल पेटवली, बादलीचं झाकण काढलं, पोत्यात धरून मासा वर काढला आणि वरवंट्याचा एक घाव डोक्यात घातला. तो एकदा थरथरला आणि निपचित झाला. तिने पक्कडीने तिन्ही काटे मोडले. राख घेऊन अंगाची बुळबुळ घासून काढली. गंगाबाई भिंतीला टेकून बघत बसली होती. मग कल्ले काढायला नागलक्ष्मीने माशाचा जबडा दोन्ही अंगठ्यांनी उघडला.

आतून गोट्या सांडल्या. पिवळसर, बोराएवढ्या, ओल्या. विळीच्या पाटावरून घरंगळत त्या फरशीवर गेल्या. वीस-पंचवीस असतील. प्रत्येकीच्या आत दोन काळे ठिपके होते आणि ते ठिपके हलत होते. नागलक्ष्मीने हात मागे घेतला.

"डोळे," गंगाबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "खाल्ले त्यांचे डोळे आहेत."

आम्ही पानमळ्यातले लोक. भाताची, उसाची, वेलीची सगळी दुखणी आम्हाला कळतात, पण समुद्राचं आम्हाला काही कळत नाही, आणि सगळं वर्ष 'गेला' या एका शब्दाला घाबरत काढलेल्या घरात डोळ्यांसारखं काही दिसलं तर ते डोळेच असतात. नागलक्ष्मीलाही ते खरं वाटलं. वर्षभर हिशोबाने, शहाणपणाने वागलेली ती बाई मागे सरकत सरकत भिंतीला लागली. आता याचं पोट फाडायचं होतं. तोंडात हे, तर पोटात काय असेल? तिला वाटलं उठावं, हा मासा पोत्यात घालून रुळांपलीकडे पुरावा आणि पानावर काहीही वाढावं. पण काहीही वाढलेलं गंगाबाई जेवणार नव्हती.

शेवटी तिने राखेच्या हातानेच फोन उचलला आणि पाक्किरिसामीला लावला. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर चालू केला. तिने अडखळत सांगितलं. पलीकडे तो स्वतःवरच चिडल्यासारखा बोलू लागला. मी जवळ असतो तर तुला तो परत सोडायला लावला असता, म्हणाला. तो नर आहे. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर ती तोंडात धरतो. पिल्लं बाहेर पडून पोहायला लागेपर्यंत महिना, दीड महिना तो तोंड उघडत नाही. खात नाही, गळाला लागत नाही. तुझा गळ चुकून त्याच्या अंगात अडकला. "त्याच्या पोटात काही नसणार, पोरी," तो म्हणाला. "त्याने कोणालाही खाल्लेलं नाही."

नागलक्ष्मीने फोन ठेवला. फरशीवरच्या गोट्या अजून हलत होत्या.

"फाड," गंगाबाई म्हणाली.

तिने फाडलं. आतडं दोऱ्यासारखं बारीक होतं, पिशवी पांढरी आणि चिकटलेली. अन्नाचा कण नव्हता. गंगाबाई सरकत पुढे आली, तिने बोटाने ती पिशवी उलटीसुलटी केली. तिला तहान लागली असावी, ती सारखी ओठांवरून जीभ फिरवत होती. "उपाशी," ती पुटपुटली. मग तिने करवंटीत एकेक अंडं वेचून घेतलं. ती जगायची नाहीत, गोड्या पाण्यात तर नाहीच नाही, असं सून म्हणाली. गंगाबाईने न ऐकल्यासारखं केलं. पदराआड करवंटी धरून ती झोक सावरत मळ्यात गेली आणि पानवेलीच्या बांधाला हाताने उकरून ती तिथे पुरून आली.

नागलक्ष्मीने तुकडे केले, हळद लावली. मातीच्या मडक्यात तिळाचं तेल तापवलं, मेथ्या टाकल्या, सोललेले लहान कांदे आणि लसूण लाल होऊ दिले. धणे, मिरी, सुक्या मिरच्या पाट्यावर वाटलेल्या होत्या. चिंचेचा दाट कोळ ओतला तसा घरभर सेतूच्या येण्याच्या दिवसांचा वास पसरला. ती वाकून धुराकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं. मीठ घालायची वेळ आली तेव्हा तिने सासूकडे बघितलं. गंगाबाई उठली, मिठाच्या भांड्यात हात घातला, मूठ उघडून मिठाकडे बघितलं आणि ते मडक्यात सोडलं.

बाराच्या पुढे पुरुष नदीवरून आले. मधल्या खोलीत दक्षिणेला तोंड करून केळीचं पान मांडलं. भात, केळुत्तीचं कुळंबु म्हणजे ते चिंचेचं कालवण, तळलेला तुकडा, पाण्याने भरलेला पेला, विड्यांचं बंडल. काकांनी दार ओढून घेतलं आणि चौघं पडवीत बसले. ऊन असं होतं की कावळासुद्धा ओरडत नव्हता. मुरली आपल्या सुजल्या हाताकडे बघत होता. काका घसा साफ करणार होते, तेवढ्यात आतून आवाज आला. कण्हल्याचा, बंद तोंडाने. एकदाच. मुरलीने वहिनीकडे बघितलं, तिने पडवीतल्या चुलीवरच्या मडक्याकडे. मासा तर मडक्यात शिजलेला होता. काकांनी घसा साफ केलाच नाही.

घटका भरली तसं दार उघडलं. पान जसंच्या तसं होतं. पानापुढची जमीन मात्र ओली होती, कोणी भिजल्या अंगाने बसून उठावं इतकी. पेल्यातलं पाणी सांडलं असेल, काका म्हणाले. पेला काठोकाठ भरलेला होता. काकांनी तो पाहिला आणि ते हात धुवायला गेले.

पहिला घास काकांनी घेतला. मुरलीचा उजवा हात निकामी, तेव्हा गंगाबाईने त्याला भरवला. तो गिळताना डोळे मिटून घेत होता. मग ती स्वतः पानासमोर बसली. भात कालवला, तुकडा मोडला, घास उचलला. तिचा हात तोंडापाशी थांबला. वर्षभराचं सगळं त्या चार बोटांवर येऊन थांबलं होतं. गंगाबाईने घास तोंडात घातला. चेहरा आवळला गेला, भाजल्यासारखा. वर्षानंतर जिभेला मीठ लागलं होतं. मग ती चावू लागली, आणि तो तिने गिळला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते तिने पुसलं नाही. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि भुकेल्या माणसासारखी पाठ वाकवून ती जेवत राहिली. मुरली हुंदके देत हसत होता. काका म्हणाले, झालं, सुटलो.

उरली नागलक्ष्मी. तिचं तर काहीच अडलेलं नव्हतं, असं सगळ्यांना वाटत होतं, तिलाही. पानाच्या कडेचा लहानसा घास तिने तोंडात घातला आणि पाणी आणायच्या निमित्ताने उठून मागच्या पडवीत आली.

घास गिळला जाईना. तिने चावला, जिभेने मागे ढकलला, गळा मिटला. ओकारी येत नव्हती. चव चांगली होती. नुसता गळा मिटून बसला होता. तिने वर बघितलं तेव्हा मळ्यातल्या तिसऱ्या वाफ्यात सेतू उभा होता.

वेलींच्या सावलीत नव्हे, उन्हात. शर्ट अंगाला चिकटलेला, केसांतून पाणी गळतंय, कमरेला सुरी बांधलेली. तो काही मागत नव्हता. तो नुसता तिच्याकडे बघत होता, पंधरा दिवसांनी घरी आल्यावर बघायचा तसा. नागलक्ष्मीला भीती वाटली नाही. वर्षभर सासूला जे दिसत होतं आणि आपल्याला दिसत नव्हतं, त्याचा आपल्याला किती मत्सर वाटत होता, ते तिला त्या क्षणी कळलं. तिने ओठ घट्ट मिटले. हा घास असाच धरून ठेवला तर तो असाच राहील, एवढंच तिच्या मनात होतं.

आतून काकांनी हाक मारली, गळ्यातलं उतरवायचंय म्हणाले. तिने उत्तर दिलं नाही. तोंड उघडता येत नव्हतं. मुरली दारात येऊन वैनी, वैनी म्हणाला आणि तिचा चेहरा बघून मागे सरला. मग गंगाबाई आली. हात उष्टाच होता. सुनेच्या फुगलेल्या गालाकडे तिने बघितलं, मग सून बघत होती तिकडे बघितलं. मळ्यावरून इकडून तिकडे तिची नजर फिरली आणि परत आली.

"कोठें आहे?" तिने हळूच विचारलं.

नागलक्ष्मीने बोट दाखवलं.

"मज आतां दिसत नाहीं," गंगाबाई म्हणाली. तिने सुनेच्या पाठीवर डावा हात ठेवला. तिचा झोक जात नव्हता. "म्याही असाच धरिला होता गे, वर्षभर. गीळ, मुली. तो उन्हांत उभा आहे."

नागलक्ष्मीने मान हलवली, नाही म्हणून. गंगाबाईने पुन्हा सांगितलं नाही. ती तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. सेतूच्या पायांखाली माती काळी होत चालली होती आणि ऊन ती लगेच वाळवत होतं. तो हलला नाही, पण त्याच्या उभं राहण्यात थकवा होता, पायावरून पायावर भार टाकत वाट बघणाऱ्या माणसाचा. ते तिला दिसलं. न दिसतं तर बरं झालं असतं.

तिने डोळे मिटले नाहीत. त्याच्याकडे बघत बघत तिने तो घास गिळला.

मळ्यात नुसतं ऊन होतं. तिसऱ्या वाफ्यातली पानं त्या दिवशी खुडायची राहिली होती.